माझ्या मागे कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह कोणी लावला?

हा प्रश्न वर्षातून आठ-दहा वेळा तरी माझ्याकडे येतो, आणि दर वेळी आवाज बारीक करून. नागपुरात बर्डीवर माझं कॉम्प्युटर हार्डवेअरचं छोटं दुकान आहे, पण पोट भरतं ते एएमसीवर, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारांवर. धंतोलीतली सीए आणि डॉक्टरांची ऑफिसं, इतवारीतले ठोक व्यापारी, सदरमधली एक-दोन ऑफिसं. फोनवर मालक म्हणतात, "इंजिनियरला पाठवा." इंजिनियर मीच. दारात पोचले की दोन सेकंद शांतता, मग "या ताई, बसा", मग केबिनचं दार लोटून घेतात आणि म्हणतात, "कोणीतरी डेटा नेऊन राहिलं आपला. पाहता का जरा?"

पाहते. कसं पाहते ते इथं लिहितेय. यात जादू नाही. विंडोज स्वतःच्या सोयीसाठी ज्या नोंदी ठेवतं, त्या कुठं आहेत ते माहीत हवं, एवढंच. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकते, कारण मालक लोकांना ती आवडत नाही. कोणता पेनड्राइव्ह लागला आणि केव्हा लागला, हे मशिन सांगतं. कोणाच्या हातानं लागला आणि त्यातून काय गेलं, हे बहुतेक वेळा सांगत नाही. या दोन वाक्यांमधल्या फटीत मी लोकांच्या नोकऱ्या गेलेल्या पाहिल्यात.

खाली मेनूंची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, स्क्रीनवर ती इंग्रजीत दिसतील. सगळं विंडोज १० आणि ११ धरून आहे.

हात लावायच्या आधी वही

पहिल्यांदा मशिनचं घड्याळ आणि तुमच्या मोबाइलचं घड्याळ शेजारी ठेवून पाहा. फरक असेल तर मिनिटांसकट लिहून ठेवा. पुढं जी वेळ वाचाल ती याच घड्याळाची असणार. ते वीस मिनिटं पुढं असेल, तर सहाला घरी गेलेला माणूस तुमच्या हिशेबात सहा वीसला ऑफिसात बसलेला दिसेल.

मग ऑफिसात नेहमी काय काय लागतं त्याची यादी. सरांचा पेनड्राइव्ह, झेरॉक्सवाल्याकडे प्रिंटला न्यायचा पेनड्राइव्ह, बॅकअपची हार्ड डिस्क, डिजिटल सिग्नेचरचं टोकन (पेनड्राइव्हसारखंच दिसणारं, ऑनलाइन सही करायचं). हे टोकन विसरू नका. काही टोकनं स्वतःचा ड्रायव्हर पोटात घेऊन येतात आणि विंडोजला सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतात. एका ऑफिसात सगळे त्या "अनोळखी सीडी ड्राइव्ह"मागे अर्धा दिवस लागले होते. रोज सकाळी रिटर्न भरायला तेच टोकन लावत होते, बिचारे.

आणि हे काम उद्यावर टाकू नका. विंडोजचं मोठं अपडेट येऊन गेलं की जुन्या नोंदींच्या तारखा बदलतात, काही नोंदी तर साफच होतात. शंका आली त्याच आठवड्यात पाहा.

यादी कुठं मिळते

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक, त्यात डिव्हाइस मॅनेजर. वर व्ह्यू मेनूत "शो हिडन डिव्हाइसेस"वर टिक करा. आता डिस्क ड्राइव्ह्ज उघडा. आत्ता जोडलेल्या डिस्क ठळक दिसतील, आणि खाली फिकट, राखाडी रंगात आणखी नावं. ती फिकट नावं म्हणजे या मशिनला पूर्वी लागून गेलेली पाहुणेमंडळी. कित्येक जण वीस वर्षं कॉम्प्युटर वापरतात, पण त्यांनी ही यादी कधी पाहिलेली नसते. पहिल्यांदा दाखवली की चेहरे पाहण्यासारखे होतात.

फिकट नावावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग डिटेल्सचा टॅब. तिथं प्रॉपर्टी म्हणून एक लांबलचक ड्रॉपडाउन आहे. त्यातल्या चार ओळी आपल्या कामाच्या. "फर्स्ट इन्स्टॉल डेट" म्हणजे हा पेनड्राइव्ह या मशिनला पहिल्यांदा केव्हा लागला. "लास्ट अरायव्हल डेट" म्हणजे शेवटचा केव्हा लागला, "लास्ट रिमूव्हल डेट" म्हणजे शेवटचा केव्हा निघाला. चौथी ओळ "डिव्हाइस इन्स्टन्स पाथ", आणि खरा माल तिथंच आहे. त्या लांब ओळीत कंपनी आणि मॉडेल असतं, आणि शेवटच्या तिरक्या रेघेनंतर जो आकड्या-अक्षरांचा तुकडा येतो तो त्या पेनड्राइव्हचा सिरीयल नंबर. टोकाला असलेलं & आणि ० विंडोजनं चिकटवलेलं असतं, ते सोडून द्या.

सिरीयल वाचताना दुसरं अक्षर पाहायची सवय लावा. दुसऱ्याच जागी & हे चिन्ह असेल, तर त्या पेनड्राइव्हला स्वतःचा नंबरच नाही आणि विंडोजनं आपल्या मनानं एक देऊन टाकलाय. फुटपाथवरच्या स्वस्त मालात हे बरंच दिसतं. असा नंबर दुसऱ्या मशिनवर वेगळा निघेल, म्हणून त्यावरून "हाच तो पेनड्राइव्ह" असं छातीठोक बोलू नका.

डिव्हाइस मॅनेजरमध्येच खाली "पोर्टेबल डिव्हाइसेस" आहे, तेही उघडा. पेनड्राइव्हला कोणी हौसेनं नाव दिलं असेल तर ते तिथं दिसतं. शिवाय मोबाइल तिथंच दिसतात. अँड्रॉइड फोन केबलनं लावला तर तो डिस्क ड्राइव्ह म्हणून येत नाही, म्हणून पेनड्राइव्हच्या यादीत सापडला नाही म्हणजे काही गेलं नाही असं समजू नका. आणि याची उलट बाजूही आहे. पोरं फोन खरंच चार्जिंगला लावतात, आणि नुसता चार्जिंगला लावलेला फोनही बहुतेक वेळा नाव नोंदवून जातो. "ताई, चार्जिंगला लावला होता" हे खोटंच असतं असं नाही.

पहिल्या भेटीची पक्की वेळ आणखी एका जागी मिळते. सी ड्राइव्हमध्ये विंडोज फोल्डर, त्यात आयएनएफ फोल्डर, त्यात "सेटअप-एपीआय डॉट डेव्ह डॉट लॉग" नावाची साधी टेक्स्ट फाइल. नोटपॅडमध्ये उघडा आणि सिरीयल नंबरचे चार-पाच आकडे शोधा. "सेक्शन स्टार्ट" लिहिलेल्या ओळीत तारीख आणि सेकंदापर्यंत वेळ सापडते, मशिनच्याच स्थानिक वेळेत.

यादी फारच स्वच्छ असेल तर तीही एक खूण आहे. जिथं दिवसभर क्लायंट पेनड्राइव्ह घेऊन येतात त्या ऑफिसच्या मशिनवर एकच नाव दिसतंय? मग एक तर नुकतंच मोठं अपडेट झालंय, किंवा कोणीतरी झाडू मारून गेलंय.

धंतोलीची सतरा मिनिटं

आता मी स्वतः कशी तोंडावर पडले ते सांगते, कारण पुढची पायरी त्यावरूनच कळेल.

धंतोलीतल्या एका सीएंच्या ऑफिसातून फोन आला. मे महिना, बाहेर पंचेचाळीसच्या वर पारा, आत कूलर घरघरतोय. त्यांचा एक जुना क्लायंट दुसऱ्या सीएकडे गेला होता आणि सरांनी मनाशी ठरवून टाकलं होतं की त्याचं टॅलीचं (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं) फोल्डर ऑफिसातूनच बाहेर गेलं. संशय आर्टिकलशिप (सीए होण्याआधीची उमेदवारी) करणाऱ्या एका मुलीवर, कारण तिचा मामा त्याच क्लायंटच्या ओळखीचा. पुरावा एवढाच. मी पोचायच्या आधीच तिला "सोमवारपासून येऊ नको" सांगून झालं होतं.

मी डिव्हाइस मॅनेजर उघडला. फिकट यादीत सातच नावं. सहा ओळखीची निघाली. सातवं एक सॅनडिस्क क्रूझर ब्लेड. शेवटचं लागणं गुरुवारी संध्याकाळी ६:५२, शेवटचं निघणं ७:०९. सतरा मिनिटं. सर खुर्चीतून अर्धे उठले. "पाहा, सगळे गेल्यावर! म्हटलं नव्हतं?"

मलाही वाटलं, सापडलं. टॅलीचं एका कंपनीचं फोल्डर म्हणजे आकड्यांचं नाव असलेलं, काहीशे एमबीचं. साध्या पेनड्राइव्हलाही त्याला सतरा मिनिटं लागत नाहीत, तीन-चार पुरतात. मी वहीत सिरीयल उतरवून घेत होते आणि शेवटचे चार आकडे लिहिताना हात थांबला. हे चार आकडे मी आधी कुठंतरी लिहिलेत, असं वाटलं.

किल्ल्यांच्या जुडग्यातला माझा पेनड्राइव्ह काढला. क्रूझर ब्लेडच. ते काही विशेष नाही, नागपुरात दर तिसऱ्या जुडग्यात हाच सापडेल. माझ्या लॅपटॉपला लावला, इन्स्टन्स पाथ उघडला. आकडा न् आकडा तोच. मग व्हिजिट रजिस्टर मागवलं. गुरुवार, आगमन ६:४५, काम "प्रिंटर ड्रायव्हर", खाली माझीच सही.

सर बराच वेळ कूलरकडे पाहत बसले. मुलीला त्यांनी फोन केला, दोनदा. ती काही परत आली नाही. क्लायंट फी कमी पडते म्हणून गेला होता, हे नंतर कळलं.

तेव्हापासून माझ्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्या सगळ्या पेनड्राइव्हचे सिरीयल लिहिलेले असतात आणि तपासणीची सुरुवात त्या पानापासून होते. तुमच्याकडे कॉम्प्युटरवाला येत असेल तर त्याच्याकडूनही ते मागून घ्या. पेनड्राइव्ह लावणाऱ्यांत आमचाच नंबर पहिला असतो, आणि आमच्यावर कोणी संशय घेत नाही.

मधल्या भेटी

डिव्हाइस मॅनेजर पहिली आणि शेवटची वेळ देतो. मधे दहा वेळा लागला असेल तर ते तिथं नाही. त्यासाठी इव्हेंट व्ह्यूअर. स्टार्टवर राइट क्लिक केलं की त्याच यादीत सापडेल. डावीकडे "ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज", त्यात मायक्रोसॉफ्ट, त्यात विंडोज, मग खाली उतरत उतरत "पार्टिशन", आणि त्यात "डायग्नोस्टिक". इथं १००६ क्रमांकाच्या नोंदी दिसतील. पेनड्राइव्ह लागला की एक, निघाला की एक. नोंदीवर क्लिक करून डिटेल्समध्ये गेलात तर मॉडेल, सिरीयल आणि कपॅसिटी दिसते. कपॅसिटीपुढं मोठा आकडा असेल तर लागला, शून्य असेल तर निघाला. मशिनच्या आतल्या डिस्कच्याही नोंदी यातच येतात, त्यांना दचकू नका.

ही जागा फार कमी लोकांना माहीत आहे आणि म्हणूनच सहसा कोणी पुसलेली नसते. पण लॉग लहान आहे, भरला की जुनं गळत जातं.

इतकी पायपीट नको असेल तर निर्सॉफ्टचं यूएसबीडीव्ह्यू नावाचं फुकट, इवलंसं सॉफ्टवेअर आहे. ते सगळं एका तक्त्यात आणून ठेवतं. त्यांच्याच साइटवरून घ्या, भलत्या ठिकाणाहून नको. मी स्वतः आधी हातानं पाहते आणि मग यानं ताडून घेते. प्रकरण पोलिसांकडे जाईल असं वाटत असेल तर मात्र संशयित मशिनवर नवं काहीच टाकायचं नाही.

माणसाची वेळ

आता पेनड्राइव्हच्या वेळेला शेजारी माणूस लागतो. इव्हेंट व्ह्यूअरमध्येच "विंडोज लॉग्ज", त्यात "सिक्युरिटी". नोंदी हजारो असतात, म्हणून उजवीकडच्या फिल्टरमध्ये ४६२४ टाका. ४६२४ म्हणजे कोणीतरी लॉगिन झालं. त्यातही विंडोजच्या स्वतःच्या सेवा सारख्या लॉगिन होत असतात, म्हणून "लॉगऑन टाइप" पाहायचा. २ म्हणजे कीबोर्डसमोर बसून पासवर्ड टाकला. ७ म्हणजे लॉक झालेली स्क्रीन उघडली. १० म्हणजे दुरून, रिमोट डेस्कटॉपनं. टाइप ५ म्हणजे विंडोजचं घरचं काम, सोडून द्या. ४६२५ दिसलं तर पासवर्ड चुकलेला. रात्री साडेआठला लागोपाठ सहा ४६२५ आणि मग एक ४६२४ असेल, तर त्या मिनिटाला पेनड्राइव्हच्या यादीत काय आहे ते जरूर पाहा.

"सिस्टिम" लॉगमध्ये ६००५ म्हणजे नोंदवही उघडली, थोडक्यात मशिन सुरू झालं, आणि ६००६ म्हणजे बंद झालं. लॅपटॉप असेल तर "पॉवर ट्रबलशूटर"ची १ नंबरची नोंद झोप केव्हा लागली आणि केव्हा मोडली ते सांगते. कोणी नोंदीच पुसल्या असतील तर पुसल्याची नोंद राहते. सिक्युरिटीमध्ये ११०२, सिस्टिममध्ये १०४. पुसणाऱ्याला बरेचदा हेच माहीत नसतं.

पण हे सगळं कुठं अडतं सांगू? नव्वद टक्के ऑफिसांत एकच लॉगिन असतं आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर. मग ४६२४ मध्ये काय दिसणार? "ॲडमिन". सर पण ॲडमिन, पोरगी पण ॲडमिन, चहावाला बसला तर तोही ॲडमिन. अशा वेळी हजेरीचं बायोमेट्रिक, जिन्यातला कॅमेरा आणि वॉचमन हेच कामी येतात, आणि त्यांची घड्याळंही आधी तपासावी लागतात. मघाच्या प्रकरणात मुलीचा अंगठा ६:१५ ला बाहेर पडल्याचा होता. सरांनी तो पाहिलाच नव्हता.

नेलं काय?

इथं मालकाचा जीव अडकलेला असतो आणि इथंच माझ्याकडे सांगायला सगळ्यात कमी असतं. फाइल कॉपी केल्याची नोंद विंडोज आपण होऊन ठेवत नाही. टॅलीचा एडिट लॉगही उपयोगाचा नाही. एन्ट्री बदलली तर तो बोलेल, अख्खं फोल्डर उचलून नेलं तर गप्प.

जे मिळतं ते आडवळणानं. विंडोजचं बटण आणि आर दाबून "रीसेंट" एवढंच इंग्रजीत टाइप करा. अलीकडे उघडलेल्या फाइलींचे शॉर्टकट दिसतील. एखाद्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं "टार्गेट" पाहा. ते ई किंवा एफ ड्राइव्हनं सुरू होत असेल, आणि ते अक्षर मशिनच्या आतल्या डिस्कचं नसेल, तर ती फाइल बहुधा पेनड्राइव्हवरून उघडली होती. चोरणारा पुष्कळदा चोरून झाल्यावर फाइल नीट आली का म्हणून तिथल्या तिथं उघडून पाहतो. हा मनुष्यस्वभाव, आणि त्याच्यावरच माझं अर्धं काम चालतं.

पेनड्राइव्हच हाती लागला तर गोष्ट सोपी. कॉपी-पेस्ट केलेल्या फाइलची "क्रिएटेड" तारीख म्हणजे ती पेनड्राइव्हवर उतरली ती वेळ, आणि "मॉडिफाइड" म्हणजे मूळ फाइल शेवटची बदलली ती. क्रिएटेड नंतरची आणि मॉडिफाइड आधीची दिसली, तर ती नक्कल आहे. मूळ मशिनवरच्या "ॲक्सेस्ड" तारखेवर मात्र भिस्त ठेवू नका. ती काही मशिनवर बदलते, काहींवर बदलत नाही, आणि अँटिव्हायरसही तिला हात लावतो.

साडेपाच तास मागचं घड्याळ

इतवारीत किराणा ओळीतले एक व्यापारी. "ताई, घड्याळ मागं पडून राहिलं, सेल बदलून द्या." मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला की तारीख कित्येक वर्षं मागं जाते. यांची तारीख ठीक होती, वेळ फक्त मागं. किती मागं? बरोबर साडेपाच तास.

साडेपाच तास म्हटलं की माझे कान टवकारतात, कारण भारताची वेळ जागतिक वेळेच्या तेवढीच पुढं आहे. मशिनच्या आतलं घड्याळ विंडोज स्थानिक वेळेवर ठेवतं, लिनक्स (विंडोजसारखीच दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) ते जागतिक वेळेवर ठेवतं. पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, इंटरनेट जोडलं, तर ते कधी कधी आतलं घड्याळ आपल्या पद्धतीनं लावून जातं. मग विंडोज उठतं आणि साडेपाच तास मागची वेळ दाखवतं, पुन्हा इंटरनेटवरून जुळेपर्यंत. सेल ठणठणीत होता. कोणीतरी हे मशिन पेनड्राइव्हवरून चालवलं होतं.

कोणीतरी म्हणजे त्यांचाच कॉलेजातला मुलगा, मित्रांना दाखवत होता. प्रकरण हसण्यावारी गेलं, पण मला हसू आलं नाही. असं सुरू केलेल्या मशिनला विंडोजचा पासवर्ड लागत नाही, डिस्क सरळ उघडते, आणि वर सांगितलेल्या एकाही यादीत एक ओळ येत नाही, कारण विंडोज त्या वेळी झोपलेलंच असतं. यावर तपास नाही, बंदोबस्तच. बायोसला (विंडोजच्या आधी येणाऱ्या मशिनच्या सेटिंगला) पासवर्ड, पेनड्राइव्हवरून बूट होणं, म्हणजे मशिन सुरू होणं, बंद, आणि विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर, म्हणजे अख्ख्या डिस्कलाच कुलूप. बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर छापून तिजोरीत ठेवा. त्याच मशिनच्या डेस्कटॉपवर ठेवू नका. हो, तसे पाहिलेत.

जाता जाता कॅबिनेटच्या मागं टॉर्च मारा. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यानं आपल्याकडे मागच्या पोर्टांवर धुळीचा थर बसतो, आणि एखादंच पोर्ट पुसल्यासारखं असेल तर ते वापरात आहे. कीबोर्डची वायर आणि पोर्ट यांच्या मधे बोटाच्या पेराएवढा तुकडा दिसला तर तो की-लॉगर असू शकतो. प्रत्येक बटण तो टिपून ठेवतो आणि डिव्हाइस मॅनेजरला बहुधा दिसतही नाही. पेनड्राइव्हसारखी दिसणारी पण स्वतःला कीबोर्ड म्हणवणारी उपकरणंही असतात. २०१४ साली ब्लॅक हॅट परिषदेत बॅडयूएसबी नावानं हे जाहीर दाखवलं गेलं. डिव्हाइस मॅनेजरच्या "कीबोर्ड्स"मध्ये एकच कीबोर्ड असलेल्या मशिनवर फिकट रंगात आणखी दोन-तीन दिसले तर विचारपूस करा. मला बर्डी-धंतोलीत अजून एकही सापडलेलं नाही.

पोलिसांत जायचं असेल तर

मशिन वापरणं थांबवा. स्क्रीनचे फोटो मोबाइलवर काढा, घड्याळ दिसेल असे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये "सेव्ह ऑल इव्हेंट्स ॲज"नं लॉग जपून ठेवा. ते न्यायला तुम्ही जो पेनड्राइव्ह लावाल त्याचीही नोंद होणार, म्हणून त्याचा सिरीयल आणि वेळ आधीच वहीत लिहा. परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येतं, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. अशा नोंदी कोर्टात मांडायला १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइलचा आकड्या-अक्षरांतला ठसा) द्यावी लागते. हे काम वकील आणि जाणकार तज्ज्ञ यांचं, माझ्यासारखीचं नाही.

पुढच्या वेळेसाठी

प्रत्येकाला वेगळं लॉगिन, पाच मिनिटांत स्क्रीन लॉक, आणि उठताना विंडोज आणि एल दाबायची सवय. एवढ्यानंच अर्धे वाद मिटतात.

विंडोज प्रोवर "लोकल सिक्युरिटी पॉलिसी" उघडा, तळाशी "ॲडव्हान्स्ड ऑडिट पॉलिसी". त्यात "डिटेल्ड ट्रॅकिंग"खाली "ऑडिट पीएनपी ॲक्टिव्हिटी" सुरू केलं की नवं उपकरण लागताच सिक्युरिटी लॉगमध्ये ६४१६ पडतं. आणि "ऑब्जेक्ट ॲक्सेस"खाली "ऑडिट रिमूव्हेबल स्टोअरेज" सुरू केलं की पेनड्राइव्हवरच्या फाइलींना हात लागल्याच्या ४६६३ नोंदी येतात, फाइलच्या नावासकट, लॉगिनच्या नावासकट. म्हणजे "नेलं काय" याचं उत्तर मिळतं, पण आजपासून पुढचं, मागचं नाही. सुरू केल्यावर मशिन एकदा रीस्टार्ट करा, स्वतःच एक फाइल कॉपी करून नोंद पडते का पाहा, आणि सिक्युरिटी लॉगचा आकार वाढवा. मुळात तो २० एमबी असतो, या नोंदी त्याला भराभर खातात. मी २०० करते.

पेनड्राइव्हवर लिहिणंच बंद करायचं असेल तर ग्रुप पॉलिसीत "रिमूव्हेबल स्टोअरेज ॲक्सेस"मध्ये "डिनाय राइट ॲक्सेस" आहे. वाचता येतं, नेता येत नाही. ते करा, पण पोर्टात फेविक्विक ओतू नका. एका व्यापाऱ्यानं पुढची दोन आणि मागची रिकामी असतील ती सगळी पोर्टं स्वतःच्या हातानं बुजवली आणि मला अभिमानानं दाखवली. दोन महिन्यांनी सकाळी सकाळी फोन. रात्री उंदरानं माउसची वायर कुरतडली होती. नवा माउस आणला, जुना काढला, तर त्या एका मोकळ्या पोर्टाचीही आतली पट्टी वाकलेली. "ताई, हा आता कुठं लावू?"